निशाणी डावा अंगठा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या टेबलावरचं पेन नेहमी बांधलेलं असतं. कुठं सुतळीनं, कुठं गॉजच्या पट्टीनं, एका ठिकाणी तर टाके घालायच्या काळ्या दोऱ्यानं. मोकळं ठेवलं तर सही करणारा नातेवाईक ते खिशाला लावून चहाला निघून जातो. पेनाशेजारी शाईचं पॅड. जांभळी शाई कडेनं वाळून खपली धरलेली. म्हातारं माणूस असलं की सिस्टर त्याचा अंगठा आपल्या हातात घेते, पॅडवर टेकवते, कागदावर अलगद लोळवते आणि लगेच स्पिरिटचा बोळा हातात देते. बहुतेकांना पुसायचं सुचत नाही. ते बोळा मुठीत धरूनच आत येतात. ठशाच्या कडेनं कुणीतरी लिहितं, 'निशाणी डावा अंगठा', पुढं नाव, गाव, तालुका. त्यानंतर माझं काम सुरू होतं. मी भूलतज्ज्ञ आहे. जयसिंगपूरकडचे लोक 'भुलीच्या मॅडम' म्हणतात.

माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. डिकीत औषधांची पेटी टाकायची आणि बोलावणं येईल तिकडं जायचं. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड, कधी नदी ओलांडून सांगली. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं वसवलेलं हे गाव आखीव आहे. सरळ रेघेतल्या गल्ल्या आणि गल्ल्यांना नंबर. त्यामुळं फोनवर सर्जनला फार बोलावं लागत नाही. 'सातव्या गल्लीत ये, हर्निया आहे.' 'दहाव्या गल्लीत सिझर, लगेच.' गल्लीला नंबर आणि पेशंटला अवयव, एवढ्या पत्त्यावर माझी कितीतरी वर्षं भागत आली. हर्नियाला नाव असतं, त्याला दोन मुली असतात, त्याचा ऊस तोडणीला आलेला असतो, हे मला भूल देण्याआधीच्या दहा मिनिटांत कळतं. कधी कळतही नाही. जागेपणी माझी आणि पेशंटची ओळख तेवढीच. नंतर तासभर मी त्याच्या डोक्याशी बसून असते, त्याचा प्रत्येक श्वास मोजते, पण त्या सगळ्या वेळात तो माझ्याशी बोलू शकत नाही.

चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं त्यामागं काही उदात्त हेतू नव्हता. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते जमवायला एका रविवारी सांगलीत व्याख्यानाला गेले होते. विषय संमतिपत्र. वक्ते चांगले बोलले, पण नंतर सगळे प्रश्न एकाच सुराचे: काय लिहून घेतलं म्हणजे केस होणार नाही? व्हिडिओ शूटिंग केलं तर चालतं का? साक्षीदार सिस्टर चालेल का? मीही वहीत हेच उतरवून घेत होते. गुलाबजाम खाताना एकदम जाणवलं, की तासाभराच्या त्या चर्चेत पेशंट एकदाही आला नव्हता. आला तो फक्त फिर्यादी म्हणून.

आमच्या वेळी एमबीबीएसला नीतिशास्त्र म्हणजे न्यायवैद्यकाच्या जाड पुस्तकातलं एक बारीक प्रकरण. विषप्रयोग आणि गळफास यांच्या शेजारी बसवलेलं. 2019 पासून नव्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' नावाचा भाग आला आहे. वृत्ती, नीती, संवाद असं सगळं पहिल्या वर्षापासून शिकवतात. आमची पिढी ते सीनियरच्या चेहऱ्याकडं बघून शिकली, आणि चेहरे काही सगळेच शिकण्यासारखे नव्हते. तर बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्राचा पत्रद्वारा डिप्लोमा आहे, त्याचा फॉर्म भरला. घरी कुणी काही म्हणालं नाही. एका सर्जन मित्रानं मात्र विचारलं, "हे शिकून काय करणार? उद्या केसला नाही म्हणणार काय?" तो हसत होता, पण प्रश्न बरोबर जागी लागला.

वाचन होतं ते दोन केसेसच्या मधल्या वेळात. कपडे बदलायच्या खोलीत एक स्टील स्टूल असतं, भिंतीला खुंट्या, खाली वेगवेगळ्या मापाच्या स्लीपर. बाहेर ऑटोक्लेव्हची शिट्टी. त्या स्टुलावर बसून मी 1947 चा न्युरेंबर्गचा दंडक वाचला, 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा वाचला. 1979 साली बोशँप आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी चार तत्त्वं मांडली, त्यांच्या आधारानं निम्मा अभ्यासक्रम उभा आहे: माणसाची स्वायत्तता, त्याचं भलं, त्याला अपाय न करणं आणि न्याय. वाचताना सगळं पटतं. अडचण एवढीच, की या पुस्तकांतला पेशंट खोलीत एकटा बसलेला असतो. डॉक्टर त्याला माहिती देतो, तो विचार करतो आणि निर्णय सांगतो.

आमच्याकडं पेशंट एकटा कधी येतो? त्याच्याबरोबर बायको असते, भाऊ असतो, कंपाउंडरच्या ओळखीचा एक मामा असतो, डबा घेऊन आलेली चुलती असते, आणि फोनवर पुण्याचा मुलगा. पुण्याचा मुलगा हा स्वतंत्र प्रकार आहे. तो स्पीकरवर असतो, त्यानं रात्रभर गुगल केलेलं असतं, आणि 'मिरजेला का हलवत नाही' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याला तरी काय बोल लावणार? वॉनलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत दवाखाना बांधला तेव्हापासून या भागात दुखणं गंभीर झालं की माणूस मिरजेला जातो, ही आमची सव्वाशे वर्षांची वहिवाट. तर एवढ्या गराड्यात मी खाटेवरच्या माणसाला विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" तो मान वळवून भावाकडं बघतो. भाऊ म्हणतो, "मॅडम, तुम्हाला योग्य वाटंल ते करा. आमाला त्यातलं काय कळतंय?"

अभ्यासाला लागण्याआधी हे वाक्य मला सोयीचं होतं. आता ते ऐकलं की थोडं थांबायला होतं. कारण त्यात निव्वळ अज्ञान नाही. समोरच्यावर भार टाकण्याची एक रीत आहे, पिढ्यांची, आणि तिच्यात विश्वासही आहे आणि हुशारीही. उद्या काही बरंवाईट झालं तर 'आम्ही तुमच्यावर सोडलं होतं' हेही त्यातच बसतं. धोका समजावून सांगायला लागलं तर बायका कानावर हात ठेवतात. "हजारांत एखाद्याला हृदय बंद पडू शकतं," असं म्हटलं की चुलती मला गप्प करते, "तिन्हीसांजेला असं तोंडातनं काढू नये हो बाई." पुस्तकानुसार मी माहितीचा हक्क पुरवत असते. चुलतीच्या लेखी मी अभद्र बोलत असते. दोन्ही एकाच खोलीत खरं असतं.

समीरा कोहली खटल्याचा निकाल मी असाच स्टुलावर बसून वाचला. सर्वोच्च न्यायालयाचा, जानेवारी 2008 चा. दिल्लीतली ही बाई 1995 साली पोटाची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. तिला भूल दिली. आत काय आहे ते दिसल्यावर डॉक्टरांच्या सहायक बाहेर आल्या, तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं, अंडाशयंही काढली. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाई थोड्या वेळानं जागी होणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग आईची सही कशी चालेल? निकालाच्या पानांत वकिलांना संमतीची व्याख्या सापडते. मला मात्र सारखी दिसत होती ती बाईच्या डोक्याशी असलेली खुर्ची. तिथं माझ्यासारखंच कुणीतरी बसलं असणार. औषध चालू ठेवायचं की उतरवायचं, हे त्याच्या हातात होतं. त्याला कुणी विचारलं असेल का? त्यानं कुणाला विचारलं असेल का?

आणि आमच्याकडं या संमतीच्या प्रश्नात ऊस येतो. जयसिंगपुरात दर वर्षी ऊस परिषद भरते, मैदान माणसांनी भरून जातं, टनाला काय दर मिळाला पाहिजे ते ठरतं, आणि ते ठरलंच पाहिजे. त्याच सुमाराला बीडकडून ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. भांडी, कोंबड्या, लेकरं, वर ताडपत्री. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, खाड्याला दंड. 2019 साली या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यावर गदारोळ झाला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

एका हंगामात अशी एक बाई टेबलावर बसली होती. मणक्यात इंजेक्शन द्यायचं म्हणून तिला पाठ वाकवायला सांगितलं. पाठीवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, काही ताजे, काही वाळलेले. वय तिशीच्या आतबाहेर. पिशवी काढायची होती. कागद पुरे होते, अंगठा होता, नवऱ्याची सही होती, सोनोग्राफी होती. मी विचारलं, "गोळ्या घेऊन बघितल्या होत्या का?" ती म्हणाली, "गोळ्यांनी म्हैना म्हैना जातुया बाई. कटकट कायमची गेली म्हंजी बरं. परवा फडावर जाता येईल ना?" कुणी तिला फसवलं नव्हतं. तिनं स्वतः मागितलं होतं. पुस्तकातली स्वायत्तता तिनं पुरेपूर वापरली होती, आणि तरी त्या निर्णयात खाड्याचा दंड, उचल आणि फडात आडोसा नसणं एवढ्या सगळ्यांची बोटं होती. मी सर्जनला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले. त्यानं उत्तरं दिली, वैद्यकीयदृष्ट्या ती खोटी नव्हती. मी भूल दिली. या प्रसंगाला अजूनही माझ्याकडं शेवट नाही. अभ्यासक्रमात 'न्याय' या तत्त्वाला शेवटचा क्रमांक आहे, तिथं पोहोचेपर्यंत विद्यार्थी दमलेला असतो, एवढं मात्र लक्षात आलं.

'मी फक्त भूल देते' हे वाक्य आमच्या बिरादरीत फार चालतं. ऑपरेशन ठरवणार सर्जन, पैसे ठरवणार हॉस्पिटल, आम्ही येणार आणि जाणार. मार्च 2017 मध्ये कृष्णेपलीकडच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले, तेव्हा या टापूतल्या प्रत्येक डॉक्टरला काही आठवडे लोकांच्या नजरेत एक प्रश्न दिसला असेल. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानं, 1988 साली. कोल्हापूर जिल्ह्यात पुढं सोनोग्राफी मशीनना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र बसवलं गेलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी त्यासाठी बरीच खटपट केली. यंत्र बसवावं लागलं, कारण माणसं गप्प होती. म्हैसाळनंतर आम्ही डॉक्टर चहाला जमलो की सगळे म्हणायचे, 'असं काही असेल असं वाटतच होतं.' वाटणं आणि माहीत असणं यांच्यामध्ये किती जागा असते आणि त्या जागेत किती जण आरामात राहू शकतात, हे कुठल्या प्रकरणात शिकवतात ते मी शोधते आहे.

पेशंटच्या वतीनं कुणी बोलायचं, हा नात्याचा प्रश्न मात्र एका ठिकाणी अनपेक्षित सुटलेला दिसला. अरुणा शानभाग. केईएममधली नर्स, 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत त्याच हॉस्पिटलात पडून होती. पिंकी विरानी यांनी तिच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, जबरदस्तीनं अन्न भरवणं थांबवा म्हणून. 2011 च्या निकालात न्यायालयानं काही परिस्थितींत उपचार थांबवण्याला वाट करून दिली, पण अरुणाच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार दिला तो केईएमच्या माणसांना. रक्ताचं नातं नाही, कागद नाही. तिला रोज भरवणारे, कुशीवर वळवणारे हात, एवढाच पुरावा. आणि तिथल्या नर्सेसचं म्हणणं होतं, आम्ही सांभाळतो, तिला राहू द्या. हे बरोबर की चूक यावर वर्गात आमचे चांगलेच खटके उडाले. संपर्क वर्गाला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेले होते, परतीच्या अख्ख्या रात्री डोक्यात तेच.

आणि मग एका आक्कांची गाठ पडली. घरातले सगळे त्यांना आक्काच म्हणत, म्हणून मीही. ऐंशीच्या पुढच्या, दिगंबर जैन घरातल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. हृदय थकलेलं. हाडाच्या डॉक्टरांचं म्हणणं योग्यच होतं: ऑपरेशन केलं तर उठून बसतील, नाहीतर पाठीला जखमा होतील, छाती भरेल. मुलांनी सह्या करून टाकल्या होत्या. मी आदल्या संध्याकाळी तपासायला गेले आणि सवयीनं म्हटलं, "आक्का, रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही हं."

"मी दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी कसं राहायचं हे तू मला शिकवणार होय?"

मग त्यांनी फॉर्म मागितला. चष्मा मागितला. इतक्या वर्षांत संमतिपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, चौथीपर्यंत शिकलेल्या बाई. एका जागी थांबून म्हणाल्या, "हे 'गुंतागुत' चुकलंय. वर टिंब द्यायला पायजे." खरंच राहिलं होतं. किती हजार लोकांनी त्या शब्दाखाली सह्या केल्या असतील! वाचून झाल्यावर कागद घडी न करता परत दिला. "मला चिरफाड नको. दुखतंय तेवढं थांबवता येत असलं तर बघ. सामायिकाला, ध्यानाला बसता आलं पायजे."

थोरले चिरंजीव मला बाहेर घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे सल्लेखनेकडं चाललंय काय?" सल्लेखना म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारण्याचं जैन व्रत; तो शब्द या भागात हळूच उच्चारतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसवलं तेव्हा जैन समाज इथंही रस्त्यावर आला होता. महिन्याच्या आतच सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. मी म्हटलं, ऑपरेशन नाकारणं वेगळं आणि व्रत वेगळं. व्रताला गुरूंची आज्ञा लागते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आक्का तर दुपारी मऊ भात मागून खात होत्या. पण चिरंजीवांची भीती कायद्याची नव्हतीच. "लोक म्हणतील पैसे वाचवले," ते म्हणाले. आईची स्वायत्तता, मुलाची अब्रू, आणि मध्ये मी, हातात बीपीचं यंत्र.

मी परत आत जाऊन बसले. एरवी दहा मिनिटांत उठते, त्या दिवशी तास गेला असेल. ऑपरेशन केलं नाही तर काय काय होईल ते सगळं सांगितलं, काही न गाळता. आक्का मध्येच म्हणाल्या, "एवढंच सांगायला इतका वेळ लावलास?" मुलं आत आली, तीही बसली. कुणी कुणाला पटवलं म्हणणार? धाकटे रडले. थोरले खिडकीशी उभे राहिले. शेवटी नकाराच्या कागदावर आक्कांनी स्वतः सही केली, सावकाश, रेघ देऊन. मी मांडीच्या वरच्या बाजूला नसेजवळ बारीक नळी ठेवून दुखणं थांबवलं. ही माझी रोजची कारागिरी, एरवी ऑपरेशनसाठी वापरते.

घरी सोडल्यावर मी दोनदा पाहून आले. भिंतीवर आचार्य शांतिसागर महाराजांचा जुना फोटो होता. महाराज इथून जवळच्या भोजचे. 1955 साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या आणि सून काहीतरी वाचून दाखवत होती. पाठीला जखम व्हायला लागली होती, हेही सांगायला हवं. त्यांनी ती मला दाखवली, आणि मोठ्या सुनेला मलम लावायची रीत चुकते म्हणून माझ्यासमोर झापलं. पुढं काही आठवड्यांनी त्या गेल्या.

दिवाळीनंतर थोरले चिरंजीव एका संध्याकाळी घरी आले. स्वतः साठीचे. मला वाटलं, आईबद्दल काही बोलायचं असेल. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं: वैद्यकीय इच्छापत्राविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं ते करता येतं, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची; 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, हे मी सांगितलं. दोन साक्षीदार लागतील. आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्याचं नाव लिहावं लागेल. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या, एक स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडं. ते सगळं मागच्या कोऱ्या जागेत टिपून घेत होते.

"आणि वहिनींशी बोललात ना?" मी विचारलं. "मुलाशी?"

त्यांनी कात्रणाची घडी घातली.

"तेच तर राहिलंय. ते तुम्हीच जरा समजावून सांगा की मॅडम. तुम्ही सांगितलं की आमची मंडळी ऐकतात."